संगणकाच्या किल्ल्या आणि उसाचे बिल



ऑफ सीझन आला की मिल हाऊसमध्ये रोलर खोलले जातात, बॉयलरच्या नळ्या तपासल्या जातात, काट्याचे प्रमाणीकरण होते. हे तुम्हां-आम्हांस ठाऊक आहे. या कामावर खर्च कशाला, असे आजवर कुणा सभासदाने विचारल्याचे आम्हांस आठवत नाही. पण ऑफिसातल्या संगणकाची सुरक्षा-प्रणाली नवी करायची आणि कुणाला काय उघडता येईल याची फेरवाटणी करायची, असे म्हटले की लगेच प्रश्न येतो, "हे कशाला आणखी? चाललंय की सगळं!" प्रश्न रास्त आहे. म्हणून हा लेख.

पुणे-सातारा रस्त्याने जाणाऱ्या सभासदांना कात्रजचे तळे माहीत आहे. आता तेथे प्राणिसंग्रहालय आहे, पोराबाळांना घेऊन लोक जातात. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, इ. स. १७५० च्या सुमारास, याच कात्रजहून दगडी नळाने पाणी थेट शनिवारवाड्यापर्यंत नेले. पंप नाही, इंजिन नाही, नुसत्या उतारावर. माणूस आत शिरू शकेल एवढा तो भुयारी नळ, आणि वाटेत जागोजाग बांधलेले उच्छ्वास. हवा बाहेर पडावी व नळ तपासता यावा, यासाठी ते होते. त्या नळावर पेठांतले हौद भरत. आता असे धरा की वरच्या अंगाला कुणी रात्रीतून परस्पर भोक पाडले. खालच्या हौदावर घागर घेऊन आलेल्या बाईला काय कळणार? पाणी कमी आले, एवढेच. चूक कुठे आणि कुणाची, हे उच्छ्वासात डोकावणाऱ्यालाच कळणार.

उसाच्या बिलाचे आज तसेच आहे. नोंद शेतकी विभागात, वजन काट्यावर, दर संचालक मंडळाच्या ठरावात, कपाती हिशेब विभागात, आणि शेवटी रक्कम बँकेत. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे चौदा दिवसांत पैसे द्यावयाचे असतात. हा सगळा प्रवाह संगणकातून जातो. वाटेत एखाद्याने खाते क्रमांकातला एक आकडा फिरवला, तर तुमच्या हौदात पाणी येणार नाही, एवढेच तुम्हांला दिसेल.

हे घडू शकते काय? पुण्यातच काय झाले ते पाहा. कॉसमॉस ही १९०६ साली स्थापन झालेली जुनी सहकारी बँक. ११ ऑगस्ट २०१८ रोजी, दुसऱ्या शनिवारी, बँका बंद असताना, एटीएमचे व्यवहार मंजूर करणाऱ्या यंत्रणेच्या जागी चोरांनी आपली खोटी यंत्रणा उभी केली. खात्यात पैसे आहेत की नाहीत हे न पाहताच ती प्रत्येक मागणीला 'होय' म्हणत राहिली. २८ देशांतून बनावट कार्डांनी काही तासांत सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले, देशातूनही अडीच कोटी. त्यात आपले कोल्हापूरही होते. सोमवारी, १३ तारखेला, आणखी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका खात्यात पाठविले गेले. एकूण ९४ कोटींच्या वर. पुढे २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरविले, पण ही मंडळी मुख्यतः एटीएमवर जाऊन नोटा काढणारी होती. तिजोरी फोडलेली नव्हती की पहारेकऱ्याला बांधलेले नव्हते. 'होय' म्हणण्याचा अधिकार जिथे होता ती जागाच चोरांनी बळकावली.

त्याच वर्षी मुंबईत पंजाब नॅशनल बँकेचे प्रकरण बाहेर आले. आकडा हजारो कोटींचा. परदेशी बँकांना हमीचे संदेश पाठविण्याची प्रणाली वेगळी आणि बँकेचे मुख्य खतावणीचे सॉफ्टवेअर वेगळे, दोन्हींचा सांधा जुळलेला नव्हता. संदेश जात राहिले, वहीत नोंदच नाही. एक अधिकारी त्याच टेबलावर सात-एक वर्षे बसून होता, असेही तपासात पुढे आले. आम्हांस या दुसऱ्या गोष्टीचे जास्त वाटते. बाहेरचा चोर कधीतरी येतो. एकाच टेबलावर साचलेला अधिकार रोज तिथेच असतो.

आणि तो साचतो कसा, हे कुठल्याही ऑफिसात दिसेल. गडी आधी काट्यावर असतो, मग बिल विभागात जातो, मग स्टोअरला. प्रत्येक ठिकाणी नवी किल्ली मिळते, जुनी कुणी मागून घेत नाही. पाच वर्षांनी त्याच्या नावावर वजन लिहिणे, बिल काढणे आणि माल देणे, तिन्ही चालते. तो प्रामाणिक असेल, बहुतेक असतोच. पण त्याचा पासवर्ड टेबलाच्या काचेखाली चिठ्ठीवर असतो, आणि चिठ्ठी वाचायला प्रामाणिकपणा लागत नाही. निवृत्त झालेल्यांची नावे चालूच राहतात. सॉफ्टवेअर कंपनीच्या माणसाला एकदा दिलेला प्रवेश तसाच उघडा राहतो.

म्हणून फेरवाटणीचे सूत्र असे, की किल्ली माणसाला द्यायची नाही, कामाला द्यायची. काट्यावर बसेल त्याला वजन घेता येईल, घेतलेले बदलता येणार नाही. चूक झालीच तर दुरुस्ती दुसऱ्याच्या सहीने, आणि जुना आकडा खोडला जाणार नाही, शेजारी दिसत राहील. खाते क्रमांक बदलायचा तर गट ऑफिसचा कारकून अर्ज भरेल, मंजूर हिशेब विभागातला दुसरा करील. यात नवे काय आहे? तलाठ्याने फेरफार लिहावा आणि मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित करावा, ही पद्धत तुमच्या सातबाऱ्याला आहेच. सोसायटीच्या तिजोरीलाही दोन किल्ल्या असतात. संगणक आला आणि ही शहाणपणाची चाल आपण कपाटात ठेवून दिली, एवढेच.

आता आक्षेप. रात्री दोनला यार्डात गाड्यांची रांग, बैल तिष्ठत उभे, आणि दुरुस्तीची मंजुरी देणारा साहेब घरी झोपलेला. हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. अधिकार इतके आवळले की काम अडले, तर कारकून दुसऱ्या दिवशी एकमेकांचे पासवर्ड वापरू लागतात आणि सगळे मुसळ केरात. त्यावर तोड म्हणजे प्रत्येक पाळीत नावानिशी एक बदली अधिकारी, त्याला त्या पाळीपुरताच अधिकार, आणि सकाळी त्याच्या रात्रीच्या मंजुऱ्यांची यादी चीफ अकाउंटंटच्या टेबलावर. माणसे लागतील, थोडा खर्चही लागेल. पण पाळीपत्रकावाचून पाटाचे दार उघडू दिले तर शेपटाच्या शेतकऱ्याचे काय होते, हे तुम्हांला आम्ही काय सांगावे!

सॉफ्टवेअर नवे करण्याबाबतही दोन्ही बाजू आहेत. जून २०१७ मध्ये न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एक कंटेनर टर्मिनल संगणकी विषाणूने ठप्प झाले. तो विषाणू ज्या भगदाडांतून पसरला त्यांतले एक बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेली होती. ती ज्यांनी बसविली नाही त्यांचे ते भगदाड उघडेच राहिले. पण गंमत अशी, की तोच विषाणू युक्रेनमध्ये प्रथम पसरला तो हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीतून! आणि १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्याच एका सदोष सुधारणेने जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक बंद पाडले. आपल्याकडे विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले पास द्यावे लागले. तेव्हा नवे ते घ्यावे, पण नवे बेणे आपण आधी एका सरीत लावून पाहतो तसे. आधी एका संगणकावर, मग ऑफिसात, काट्यावर सर्वांत शेवटी. आणि काट्यावर कोरे पावती पुस्तक तयार ठेवूनच. हे सगळे मोळी पडण्यापूर्वी उरकले पाहिजे, कारण गळीत सुरू झाल्यावर प्रयोगाला वेळ नसतो.

सभासदांकडून थोडीच अपेक्षा आहे. वजनाची पावती ड्रायव्हरच्या खिशात न ठेवता घरी आणवा आणि भरलेल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन व निव्वळ वजन हे तिन्ही आकडे पाहा. मोबाईलवर आलेला आकडा पावतीशी ताडा. फोनवर कुणी "कारखान्यातून बोलतोय" म्हणून ओटीपी मागितला तर देऊ नका, कारखान्याला तो लागत नाही. खाते बदलायचे असल्यास अर्ज स्वतः, पासबुकाच्या प्रतीसह, गट ऑफिसला द्यावा. पोहोच घेतल्याशिवाय परत फिरू नये. यंदा दोन सह्या होईपर्यंत एक-दोन दिवस जास्त लागतील, तेवढे सोसावेत.

आणि वार्षिक सभेत ताळेबंदावर बोलाल तेव्हा हेही विचारा, की संगणकावर किती जणांना अधिकार आहेत, त्यांतले किती जण अजून नोकरीत आहेत, आणि ती यादी शेवटची कधी तपासली.