विस्मृतीने राखलेला राजा

आपले नाव मागे राहावे म्हणून राजे देवळे बांधतात, शिलालेख कोरतात. पण नाव पुसले गेले आणि म्हणूनच वैभव टिकले, असा राजा विरळा. इजिप्तचा तुतनखामेन हा तसा राजा होता.

इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकात तो लहानपणीच गादीवर आला आणि वयाच्या एकोणिसाव्या वर्षाच्या सुमारास वारला. त्याच्या आधी अखेनातेनने जुने देव बाजूला सारून एकट्या सूर्यबिंबाची उपासना चालवली होती. पुढील राजांना ते घराणेच नकोसे झाले. अबायडॉसच्या देवळात त्यांनी पूर्वजांची नामावळी कोरली, तीत तुतनखामेनचे नाव नाही. जवळजवळ दोन शतकांनी राजांच्या खोऱ्यात त्याच्या कबरीशेजारीच सहाव्या रामसेसची कबर खोदली गेली आणि मजुरांच्या झोपड्या तुतनखामेनच्या दारावरच उभ्या राहिल्या. दफनानंतर थोड्याच काळात चोर आत शिरले होते खरे. पण त्यानंतर इतर राजांच्या कबरी लुटल्या गेल्या आणि ही मात्र कोणाच्या ध्यानीही राहिली नाही.

हॉवर्ड कार्टर हा मूळचा चित्रकार. लॉर्ड कार्नार्व्हन यांच्या पैशावर तो १९१७ पासून हे खोरे पद्धतशीर उकरीत होता. हाती फारसे काही लागेना, तेव्हा कार्नार्व्हन कंटाळले. एक शेवटचा हंगाम कबूल झाला. त्या झोपड्यांखाली ४ नोव्हेंबर १९२२ रोजी दगडात कोरलेली पायरी लागली. २६ नोव्हेंबरला दुसऱ्या दाराला भोक पाडून कार्टरने मेणबत्ती आत धरली, तेव्हा अंधारातून सोने चमकू लागले.

आता खरी परीक्षा होती. सोने दिसल्यावर हात आवरणे सोपे नसते. कार्टरने तो आवरला. प्रत्येक वस्तूजवळ क्रमांकाची चिठ्ठी ठेवायची, हॅरी बर्टनने छायाचित्र घ्यायचे, मगच ती हलवायची. मण्यांच्या नक्षीच्या पादत्राणांचा दोरा कुजलेला होता. हात लावताच मणी विखुरले असते. त्यांवर वितळलेले मेण ओतून ती जशीच्या तशी उचलली. पहिली खोली रिकामी करायलाच सुमारे सात आठवडे लागले आणि सारे काम संपायला दहा वर्षे. पाच हजारांहून अधिक वस्तू निघाल्या. आतली शवपेटी सुमारे ११० किलो सोन्याची होती.

एप्रिल १९२३ मध्ये डास चावलेली जागा चिघळून कार्नार्व्हन वारले आणि वर्तमानपत्रांनी शापाची आवई उठवली. प्रत्यक्ष कबर उघडणारा कार्टर मात्र १९३९ पर्यंत जगला.

चूक झालीच नाही असे नव्हे. राळेने चिकटलेले शव पेटीतून काढताना त्याचे अवयव वेगळे करावे लागले. आजचा संशोधक तसे करणार नाही. २००५ साली क्ष-किरणांच्या साहाय्याने त्या शवाची तपासणी झाली, तीत त्याला कोठे कापावे लागले नाही.

आपल्याला सोन्याचा मुखवटा आठवतो. पण त्याच कबरीत राजाची लहानपणची खुर्ची होती, तागाचे हातमोजे होते, शंभराहून अधिक काठ्या होत्या, आणि जन्मापूर्वीच गेलेल्या दोन मुलींची इवलीशी शवे होती. वस्तू कोठे, कशाशेजारी होती, हे लिहून ठेवले गेले म्हणून त्या ढिगाऱ्यातून एक माणूस आपल्याला दिसतो. चोरांनी सोनेच नेले असते; हे लिहिणे त्यांना सुचले नसते. संशोधक आणि चोर यांच्यातला फरक एवढाच, पण तो फार मोठा आहे.