टाचांवर पडला, मणका मोडला

सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरच्या वळसंगसारख्या गावात मणका मोडायला मोटारीचा अपघातच हवा असं नाही. चिंचा झोडपताना फांदी मोडली, माणूस टाचांवर आपटला, की धक्का थेट पाठीत चढतो. बहुतेकदा सापडतो तो छातीचा बारावा किंवा कमरेचा पहिला मणका. वरची पाठ बरगड्यांनी आवळलेली, खालची कंबर मोकळी; मधल्या जोडावर सगळा ताण. टाच मोडलेली दिसली की जाणता डॉक्टर पाठीचाही एक्स-रे काढायला लावतो, तो यामुळेच.

मणका नुसता पुढून दबला असेल तर पट्टा, वेदनाशामक गोळ्या आणि 8 ते 12 आठवडे जपून वागणं बहुधा पुरतं. हाडाच्या तुकड्याने मज्जारज्जू दाबला गेला, पायातली ताकद गेली, लघवी अडली, तर मात्र सहसा स्क्रू-सळयांची शस्त्रक्रिया. म्हातारीचा मणका तर घागर उचलतानाही दबतो. तिथे मूळ दुखणं हाडांच्या ठिसूळपणाचं. पाठीला मलम चोळत बसतात आणि त्याचं औषध राहूनच जातं!

पडलेल्याला हातपाय धरून उचलू नका, उठवून बसवू नका. 108 ला फोन करा. कुशीवर वळवावंच लागलं, तर तिघाचौघांनी मिळून, डोकं-पाठ-कंबर एका रेषेत ठेवून, ओंडका लोळवावा तसं.