ठाणेदार

संध्याकाळचे सात वाजलेत, तरी त्रिमूर्तीनगरातल्या ताईच्या फ्लॅटच्या भिंती हात लावू देत नाहीत. मे महिना. खिडकीतला कूलर वाळ्याचा ओला वास आत फेकतोय आणि समोरच्या भिंतीला टेकून चार फूट लांबीचा समुद्र उभा आहे.

समुद्र म्हणजे आरओचं ३५० लिटर पाणी आणि त्यात विरघळवलेलं १२ किलो मीठ. मुंबई गाठायला जिथून रेल्वेची आख्खी रात्र लागते, त्या गावात भाच्याने हा उद्योग मांडलाय. लहानपणी त्याला मीच मरीन ड्राइव्हवरचं १९५१ सालचं तारापोरवाला मत्स्यालय दाखवायला नेलं होतं. ताई त्याचं पाप अजून माझ्याच खाती लावते. टाकीच्या शेजारी चिलर घुमतोय. पंखा लावून भागत नाही का, असं मी विचारतो. "नाही ना मामा. पंख्यानं पाणी उडतं, तवा टाकी थंड होते. कूलरनं हवाच ओली करून ठेवली, पाणी उडंल कसं?" मुद्दा बरोबर आहे. नागपूरचा कूलर माणसांना जगवतो आणि माशांचं विजेचं बिल वाढवतो.

आज नव्या माशाचा गृहप्रवेश आहे.

जात कोरल ब्युटी. अंगठ्यापेक्षा थोडी मोठी, जांभळ्या अंगावर केशरी ज्वाळा. या जातीत सगळ्या आधी माद्याच असतात, म्हणून 'ती' म्हणायला हरकत नाही. महिन्यापूर्वी थर्मोकोलच्या खोक्यातून विमानाने मुंबईहून आली आणि तेव्हापासून मागच्या खोलीतल्या छोट्या टाकीत क्वारंटाइन भोगतेय. अंगावर पांढरे ठिपके नाहीत, भूक उत्तम. गेले दोन दिवस ती मोठ्या टाकीतच, पण भोकं पाडलेल्या पारदर्शक डब्यात आहे. पाणी तेच, मीठ तेच, तापमान तेच. बदलणार आहेत ते फक्त शेजारी.

शेजारी तीन. क्लाउनफिशची जोडी, ज्यांना या घरात येणारं प्रत्येक पोट्टं 'निमो' म्हणतं. आणि एक पांढऱ्यावर काळे तीन पट्टे असलेला, जेमतेम दोन इंचांचा डॅमसेल. भाच्याने नवी टाकी मांडली तेव्हा दुकानदाराने "हा मरत नाही" म्हणून गळ्यात मारलेला. मरत नाही हे खरंच निघालं. घरात त्याचं नाव ठाणेदार.

भाचा कोपरापर्यंत हात बुडवून दगड हलवतोय. दगड कृत्रिम आहेत. खरं दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या संरक्षणात आहे, त्याला हात लावायची सोय नाही. डावीकडची गुहा उजवीकडे जाते, कमान आडवी होते. "आता याचा सातबारा रद्द," तो म्हणतो. कुठली कपार कोणाची, हे सगळ्यांनाच नव्याने ठरवावं लागेल. निदान हिशोब तसा आहे.

डबा तिरपा होतो. ती क्षणभर तोंडाशी थांबते आणि एका झटक्यात दगडांमागे जाते.

ठाणेदार आपल्या जुन्या गुहेच्या जागी येतो. गुहा नाही. तो तिथेच दोनदा गोल फिरतो, मग वळतो. सगळे पंख ताठ, पट्टे काजळासारखे. पुढचं मला नीट दिसतसुद्धा नाही. काळं-पांढरं काही सुटतं, जांभळं काही काचेवर आदळतं. या जातीचे मासे भांडताना आवाजही काढतात म्हणे. पंपाच्या घरघरीत आपल्यापर्यंत काही पोचत नाही, त्यामुळे सगळी मारामारी मुकी वाटते.

"अरे, तो मारून राहिला ना तिला!" पोळपाटावरून ताई ओरडते.

"पाहू दे ना आई."

खऱ्या समुद्रात हे प्रकरण एवढ्यावर मिटलं असतं. हा तिथे प्रवाळाच्या एखाद्या फांदीदार झुडपात राहतो. कोणी जवळ आलं की हाकलतो. हाकललेला चार हात लांब जातो, आणि लांब जाणं हीच त्याची शरणागती. इथे चार हात गेलं की काच लागते. ती शरण आलीय हे ठाणेदाराला कळायचा मार्गच नाही. ती समोर दिसतेय, म्हणजे अजून हटत नाही.

"मामा, तुम्ही कल्ले मोजा. पंधरा सेकंद."

मी मोबाइल लावतो. ती वरच्या कोपऱ्यात, पंख अंगाला चिकटवून. केशरी रंग पार विटलाय. कल्ल्यांची झापडं उघडतात, मिटतात. ३४. सकाळी डब्यात २१ होते. भाचा ओठ चावतो. खाऱ्या पाण्यातल्या माशाच्या अंगातलं पाणी सतत बाहेर झिरपत असतं. तो समुद्र पीत राहतो आणि जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. घाबरला की श्वासासाठी कल्ल्यांतून रक्त जोरात फिरतं आणि तिथूनच पाणी आणखी जातं. साडेतीनशे लिटरमध्ये बुडालेल्या माशाला कोरड पडते, हे मला या खोलीत, या उन्हाळ्यात, फारच पटतं.

पण माझं लक्ष दुसरीकडेच जातं. क्लाउनफिशची जोडी. त्यांना कोणी हातही लावलेला नाही. तरी मोठी मादी पंपाच्या नळीमागे उभी आहे, धाकटा नर तिच्या पोटाखाली. भाचा त्यांच्यासमोर खाणं सोडतो. एरवी बोटाला झोंबणारे हे दोघं ते तरंगत जाऊ देतात. मार एकीला पडतोय आणि जेवण तिघांचं सुटलंय.

ताई हात पुसत बेसिनवरचा आरसा घेऊन येते. हा उपाय तिला तोंडपाठ असावा. आरसा बाहेरून काचेला टेपने चिकटतो. ठाणेदार थबकतो. समोर तीन पट्ट्यांचा, तेवढाच ताठ एक जण. सगळं सोडून तो त्याच्याशी भिडतो. वीस मिनिटं भिडतोच. तेवढ्यात ती कमानीखाली सरकते, एका दगडाला तोंड लावते, काही खरवडल्यासारखं करते. शेपटीचा एक तुकडा गेलेला आहे.

आणि वीज जाते.

कूलर थांबतो, चिलर थांबतो. इन्व्हर्टरवर फक्त पंप चालू राहतो. अंधारात आम्ही तिघं घाम पुसत बसतो. कोणी बोलत नाही. ताई पुठ्ठ्याने वारा घेतेय.

अर्ध्या तासाने भाचा मोबाइलचा टॉर्च ओढणीखाली धरून टाकीत पाहतो. ठाणेदार आडव्या कमानीच्या फटीत कलंडून झोपलाय. फिकट पडलाय, दिवसापेक्षा लहान दिसतोय. "हाच मोका आहे. जागेपणी सापडत नसतो हा." जाळी अलगद खाली जाते. एक फडफड, माझ्या चष्म्यावर खारं पाणी, आणि ठाणेदार त्याच पारदर्शक डब्यात.

"आता दहा दिवस हा आतमधी. बाहेर निघंल तवा हाच नवा राहीन."

वीज येते. निळा दिवा लागतो. नळीमागून आधी मादी बाहेर येते, मग तिच्यामागे तो. डब्यात ठाणेदार वरच्या कोपऱ्यात उभा आहे, पंख अंगाला चिकटलेले, काळे पट्टे राखाडी.

मला कोणी सांगत नाही, तरी मी मोबाइल लावतो. पंधरा सेकंद.

३५.

"याला खायला द्यायचं का रे आता?" ताई विचारते.