उष्णताप्रेमी जिवाणूंचे खाद्य

कंपोस्ट खत मुरत असताना ढिगाच्या आतले तापमान ६० अंश सेल्सियसच्याही वर जाते. एवढ्या उष्णतेत बहुतेक जिवाणू मरतात. ‘जिओबॅसिलस’ गटातले जिवाणू मात्र तिथे सुखाने वाढतात. त्यांच्यातले काही तर फिनॉलसारखे विषारी द्रव्यही अन्न म्हणून वापरतात.

फिनॉल, बेंझिन आणि डांबरगोळ्यांतले नॅफ्थालिन ही सारी ‘अरोमॅटिक’ संयुगे. तेलशुद्धीकरण कारखाने, कोकभट्ट्या, रेझिन उद्योग यांच्या सांडपाण्यात अशी संयुगे आढळतात. यातल्या बेंझिनमुळे रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. या संयुगांच्या गाभ्यात सहा कार्बन अणूंचे कडे असते. कड्यातले काही इलेक्ट्रॉन सर्व अणूंमध्ये विभागलेले असल्याने ते फार स्थिर असते, सहजी तुटत नाही.

जिवाणू हे काम विकरांकरवी टप्प्याटप्प्याने करतात. पहिले विकर फिनॉलला ऑक्सिजनचा आणखी एक अणू जोडते आणि कॅटेकॉल तयार होते. दुसरे विकर ऑक्सिजनच्याच मदतीने कडे फोडते. त्या वेळी द्रावण पिवळे पडते. प्रयोगशाळेत ही खूण उपयोगी पडते. उरलेल्या साखळीचे तुकडे पेशीच्या ऊर्जाचक्रात जातात आणि शेवटी कार्बन डायऑक्साइड व पाणी उरते.

सांडपाणी शुद्धीकरणातले नेहमीचे जिवाणू साधारण ४० अंशांपुढे तग धरत नाहीत. त्यामुळे गरम सांडपाणी आधी थंड करावे लागते. उष्णताप्रेमी जिवाणू वापरले तर हा खर्च वाचू शकतो. शिवाय नॅफ्थालिनसारखी संयुगे गरम पाण्यात अधिक विरघळतात, म्हणजे जिवाणूंना लवकर मिळतात.

पण उष्णतेची दुसरी बाजूही आहे. २० अंशांना एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो; ६० अंशांना त्याच्या जवळपास निम्माच. ऑक्सिजनविना ही विकरे चालत नाहीत, म्हणून हवा सतत सोडावी लागते. बेंझिन तर ८० अंशांनाच उकळते. गरम पाण्यात हवा सोडली की ते वाफ होऊन निसटते. पाणी स्वच्छ दिसते आणि विष मात्र आसपासच्या लोकांच्या श्वासात जाते. म्हणूनच अशी टाकी बंदिस्त हवी आणि बाहेर पडणारी हवाही तपासायला हवी. प्रदूषक पाण्यातून नाहीसे झाले एवढ्यावरून जिवाणूंनी ते संपवले असे म्हणता येत नाही.