पाकीट टाकू नका

शाळकरी वयात भोरच्या आमच्या आळीतल्या एका घरून मला जुन्या पाकिटांचा गठ्ठा मिळाला. मी तिकिटे पाण्यात भिजवून सोडवली आणि पाकिटे बंबात घातली. तिकिटांवर पंचम जॉर्जचा चेहरा आणि ‘आय. ई. एफ.’ अशी काळी अक्षरे छापलेली होती. ‘इंडियन एक्स्पिडिशनरी फोर्स’, म्हणजे पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून परदेशी गेलेले सैन्य, ही त्याची फोड मला फार उशिरा कळली. आपण काय जाळले, तेही तेव्हाच कळले.

रणांगणावरच्या शिपायाला पत्रात आपला ठावठिकाणा लिहिण्याची मनाई असे. पाकिटावरचा शिक्का मात्र तो सांगून जातो. फील्ड पोस्ट ऑफिसच्या शिक्क्यात गावाऐवजी क्रमांक आणि तारीख असे. ही कचेरी सैन्याबरोबर हलायची. म्हणून दोन्ही जुळवल्यावरच पत्र फ्रान्सचे की मेसोपोटेमियाचे, हे ठरते. पाकिटे तारखेने लावली की त्यांतले खंडही बोलतात. मेसोपोटेमियात कूत-अल-अमारा ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ वेढ्यात होते. सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मराठा पलटणींचे शिपाई तिथे अडकले होते. त्या महिन्यांत एखाद्या घरी पत्र का आले नाही, हे मागच्या-पुढच्या शिक्क्यांवरूनच उमगते.

पत्राच्या मजकुराची गोष्ट याहून वाईट. फ्रान्समधील हिंदी शिपायांचा टपाल कॅप्टन हॉवेल यांच्या हाताखालची सेन्सॉर कचेरी तपासत असे. निवडक पत्रांचे उतारे इंग्रजीत उतरवले जात. ते अहवाल आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यांत मराठी पत्रेही आहेत, पण इंग्रजीत. शिपायाचे मूळ मराठी शब्द उरले असतील, तर ते घरोघरच्या ट्रंकांतच.

अशी एक ट्रंक मला वेल्ह्यात, तोरण्याच्या पायथ्याच्या वाडीत पाहायला मिळाली. पत्र मोडीत होते. घरात कुणालाच ते वाचता येत नव्हते, तरी आजींनी ते देवघरात ठेवले होते. मोडी जाणणाऱ्या मित्राकडून वाचून घेतले. युद्धाबद्दल अक्षर नाही. पाऊस झाला का, बैल कसा आहे, एवढेच. पाकीट मात्र केव्हाच गेले होते. त्यामुळे हा माणूस पावसाची चौकशी कुठल्या मुलखातून करीत होता, ते आजींना मी सांगू शकलो नाही.

भोर संस्थानाने १८७९ मध्ये काढलेली तिकिटे जगभरचे संग्राहक जपतात. त्याच मुलखातल्या शिपायाच्या पाकिटाला मात्र कुणी विचारत नाही. दिवाळीची साफसफाई करताना असे काही सापडले, तर तिकीट सोडवू नका, पत्र पाकिटापासून वेगळे करू नका, प्लास्टिकमध्ये चिकटवून बंद करू नका. ते कुणाचे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारून वेगळ्या कागदावर लिहून ठेवा.