पतंगापासून विमानापर्यंत

संक्रांतीच्या सुमारास नांदेड-लातूरकडील गच्च्यांवरून पतंग उडू लागतात. पतंग वाऱ्यात तिरपा राहतो. त्यावर आदळणारा वारा खाली वळतो आणि पतंगास वर रेटतो. दोऱ्याची ओढ त्यास वाऱ्याबरोबर वाहून जाऊ देत नाही. पतंग एका बाजूस झुकू लागला, तर मुले दुसऱ्या बाजूस चिंधी बांधतात. गिरक्या घेऊ लागला, तर त्यास शेपटी लावतात.

अमेरिकेतील विल्बर व ऑर्व्हिल राइट या बंधूंनीही १८९९ साली पतंगापासूनच आरंभ केला. पंख किंचित पिळून तोल सावरता येतो, हे त्यांनी पतंगावर पडताळून पाहिले. परंतु १९०१ साली त्यांच्या बिनइंजिनाच्या विमानास अपेक्षेहून फारच कमी उचल मिळाली. दोघे निराश झाले. पण त्यांनी काम सोडले नाही. एका लांब पेटीत वारा खेळवून त्यांनी सुमारे २०० लहान पंख तपासले. त्यावरून १९०२ साली नवे पंख बनविले, मग इंजिनाचे विमान बांधले. अखेर १७ डिसेंबर १९०३ रोजी ते विमान १२ सेकंदांत १२० फूट उडाले.

खाली आलेला पतंग पुन्हा उडविण्यापूर्वी त्याचा दोष शोधावा लागतो. विमानही असेच, एकेक दोष दूर होत, आकाशात गेले.