टाकळा : पहिल्या पावसाची भाजी

टाकळा हे शेंगवर्गातले, पावसाळ्यात उगवून हिवाळ्यात वाळून जाणारे तण. त्याचे शास्त्रीय नाव सेना टोरा. जुन्या पुस्तकांत ते कॅसिया टोरा म्हणून आढळते. विदर्भात त्याला तरोटा म्हणतात, शेजारच्या गुजरातेत कुवाडियो. डहाणू आणि तलासरी तालुक्यांत ते शोधत फिरावे लागत नाही. जूनच्या पहिल्या सरी पडल्या की माळ, शेताचे बांध आणि पाड्यांकडे जाणाऱ्या वाटांच्या कडा टाकळ्याने हिरव्यागार होतात. ते इतके माजते याचे एक साधे कारण आहे. पानांना उग्र वास असल्याने गुरे त्याला तोंड लावत नाहीत. बाकीचे गवत चरून संपते, टाकळा तेवढा उरतो.

पान संयुक्त असते आणि त्यावर पर्णिकांच्या तीन जोड्या असतात. पर्णिका देठाकडे निमुळत्या, टोकाला गोलसर. संध्याकाळ झाली की त्या मिटतात. पावसाळ्याच्या उत्तरार्धात पिवळी फुले येतात, मग लांब, बारीक, किंचित वाकलेल्या शेंगा. ओळख पटवताना कासविंद्यापासून जपायला हवे. तोही याच कुळातला, पिवळ्याच फुलांचा, पण त्याच्या पर्णिका टोकदार असतात. त्याच्या बिया विषारी असून त्या खाल्ल्याने मुले दगावल्याची नोंद उत्तर भारतात झाली आहे.

भाजीसाठी वीतभर वाढलेल्या रोपाचे कोवळे शेंडेच खुडायचे. हा हंगाम जेमतेम महिना-दीड महिन्याचा; पुढे पान जून आणि कडवट होते. नेमका हाच काळ भातलावणीचा. वारली, कोकणा, कातकरी अशा अल्पभूधारक घरांत मागच्या वर्षीचे धान्य तोवर सरत आलेले असते आणि नवे भात हाती यायला दिवाळीची वाट पाहावी लागते. अशा दिवसांत बांधावरून फुकट मिळणाऱ्या पालेभाजीचे मोल शहरातल्या हौशी खवय्याला सहज कळणार नाही. टाकळ्याच्या जोडीला कुर्डू, लोत, शेवळे या रानभाज्याही असतात. मात्र शेवळे काकडाच्या आंबट फळांशिवाय केली तर घसा खाजतो. टाकळ्याला असली खटपट लागत नाही.

पाने धुऊन, चिरून उकडायची आणि पाणी पिळून टाकायचे. उग्र वास बराचसा तिथेच जातो. मग कांदा, लसूण, हिरवी मिरची आणि मीठ. तेल असेल तेवढे. घरात सुकट किंवा जवळा असला तर भाजीची चव आणखी खुलते. कोकणात इतरत्र ओले खोबरे आणि फणसाच्या आठळ्या घालतात. सोबत तांदळाची किंवा नाचणीची भाकरी.

पानांत लोह आणि चुना चांगल्या प्रमाणात असतो. त्यांतली अँथ्राक्विनोन वर्गातली द्रव्ये मात्र सारक आहेत, म्हणून भाजी बेताने खावी. आयुर्वेदात हीच वनस्पती चक्रमर्द म्हणून ओळखली जाते आणि गजकर्णावर तिचा लेप सांगितला आहे. बिया भाजून कॉफीसारखे पेय करण्याची रीत काही भागांत आहे. चीन-जपानात त्यांचा चहा होतो. त्याच बियांपासून काढलेला डिंक शुद्ध करून चीज आणि आइस्क्रीम दाट करण्यासाठी वापरतात. युरोपात तो ई ४२७ या क्रमांकाने मान्यताप्राप्त आहे.

९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास कृषी विभाग रानभाजी महोत्सव भरवतो, तेव्हा टाकळ्याचे कौतुक होते. खरी विक्री त्याआधीच, आठवडे बाजारात जमिनीवर मांडलेल्या वाट्यांतून होऊन गेलेली असते. घेताना पाने लहान आणि लुसलुशीत पाहून घ्यावीत. फूल आलेला टाकळा भाजीच्या कामाचा नाही. स्वतः खुडणाऱ्यांनी वर्दळीच्या रस्त्याकडेचा आणि तणनाशक मारलेल्या बागांजवळचा टाकळा टाळावा.